परसदार : रोपांना भिंत नको, छप्पर द्या

तुळशीचं लग्न लागलं की पुण्याच्या मुलखात थंडी दाराशी येते. मायबहिणी पेटीतल्या गोधड्या काढून उन्हात टाकतात. म्हाताऱ्या माणसांची कानटोपी, लेकरांचा स्वेटर, गोठ्यातल्या वासराखाली पाचटाचं अंथरूण, अशी एकेकाची सोय लागते. मागे राहतं ते परसदार. तिथं मोरीच्या पाण्यावर वाढलेली पपई असते, टोमॅटो-मिरचीच्या रोपांचा वाफा असतो, कुंपणावर चढलेला घेवडा असतो, कोपऱ्यात अळू असतं. बाजारची भाजी आठवड्याची, परसातली रोजची. हातात पैसा नसला तरी ताटात हिरवं पडतं ते या चार वाफ्यांच्या जिवावर. आणि हे चार वाफे बहुतेक घरांत बाईच्या हातचे असतात. घरात पुरून उरलेली पपई, पाटीभर मिरची विकून आलेले पैसे तिच्याच गाठीला राहतात. म्हणून एखाद्या पहाटे पपईची पानं उकडल्यासारखी काळी पडली की नुकसान दिसतं त्याहून मोठं असतं.

मंडळी, थंडीचा बंदोबस्त कुणी करत नाही असं नाही. कुणी पपईच्या बुंध्याला गोणपाट गुंडाळतं, कुणी उत्तरेच्या अंगाला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करतं. वारं लागू नये हा त्यातला विचार. मेहनत होते, पण नेमक्या कडक थंडीच्या रात्री रोप करपायचं ते करपतंच. मग म्हणायचं, देवाची करणी. त्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्या.

थंडीच्या दिवसांत पहाटे उठल्यावर अंगणात नजर टाका. उघड्यावरच्या गवतावर दहिवर चमकत असतं. पण रात्रभर उभ्या असलेल्या बैलगाडीखाली किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पाहा. तिथलं गवत कोरडं असतं. आंब्याच्या दाट झाडाखालीही तसंच. आपण म्हणतो दहिवर पडतं, जणू ते पावसासारखं वरून येतं आणि गाडीनं ते झेललं. खरं म्हणजे दहिवर वरून पडत नाही. हवेतली वाफ थंड पडलेल्या वस्तूवर जमते आणि तिचं पाणी होतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाझर सुटतो तसं. उघड्यावरचं पान रात्रीत फार गार पडलं म्हणून त्याच्यावर पाणी जमलं. गाडीखालचं पान तितकं गार पडलं नाही. वारा तर दोन्हीकडे सारखाच होता. मग फरक कशानं पडला? गाडीच्या छपरानं.

परसदाराच्या थंडीचं सगळं गुपित यात आहे. दिवसभर जमीन ऊन पिते. रात्री तीच ऊब जमिनीतून, पानांतून, दगडांतून वर आभाळाकडे निघून जाते. आभाळात ढग असले तर ते गोधडीसारखे ती ऊब परत पाठवतात, म्हणून ढगाळ रात्र उबदार. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की ऊब अडवायला कुणी नसतं. पुण्याची थंडी अशी आहे. मुंबई काही फार लांब नाही, पण तिला समुद्राची दमट ऊब आहे. पुणं सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. जानेवारीत दुपारी पारा २९-३० अंशांवर असतो आणि पहाटे ११-१२ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. १७ जानेवारी १९३५ रोजी तर पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती. हा आकडाही हवामान खात्याच्या पेटीतला, आणि ती पेटी जमिनीपासून सव्वा मीटर उंच असते. उघड्यावरचं पान पेटीतल्या पाऱ्याहून दोन-चार अंशांनी गार असू शकतं. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या भागात हिवाळ्यात दहिवर गोठून पांढरे कण दिसतात, तेव्हा गावातल्या पेटीतला पारा शून्याच्या बराच वर असतो, तो याच कारणानं.

जमिनीलगतच्या या थंडीचा शोध पुण्यातच लागला, आणि ती कहाणी शेतकऱ्याच्या घरात माहीत असावी अशी आहे. १९२८ साली हवामान खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्याला आली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. १९३२ साली तिथं शेतीच्या हवामानासाठी वेगळा विभाग निघाला आणि तो डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे आला. पीक काही सव्वा मीटरवरच्या पेटीत वाढत नाही, ते जमिनीलगत वाढतं. म्हणून रामदासांनी जमिनीपासून थोड्या थोड्या अंतरावर तापमान मोजलं. तोवर पुस्तकातला समज असा की निरभ्र रात्री सर्वांत थंड जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग, आणि तिथून वर जावं तशी हवा ऊबदार. मोजमापात निघालं वेगळंच. उघड्या जमिनीवर सर्वांत थंड थर जमिनीला टेकलेला नव्हता. तो साधारण वीतभर ते हातभर उंचीवर होता.

रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ साली हे छापलं, तेव्हा अनेकांना ते पटेना. मोजण्यात चूक असेल असंच वाटलं. पुढे राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पुण्यातच उघड्या जमिनीवर पुन्हा मोजमापं घेऊन ती १९५७ साली छापली, आणि रामदासांचं म्हणणं खरं ठरलं. हे असं का होतं याची सविस्तर उपपत्ती बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडली. आज जगभरचे हवामानशास्त्रज्ञ या थराला ‘रामदास थर’ म्हणून ओळखतात.

आता हा थर आपल्या वाफ्यात आणून पाहा. वीतभर ते हातभर उंचीवर काय असतं? टोमॅटोचं लावून महिना झालेलं रोप. मिरचीचा कोवळा शेंडा. या पावसाळ्यात लावलेल्या आंब्याच्या कलमाची नवी पालवी. म्हणजे परसातलं जे सर्वांत नाजूक, तेच सर्वांत थंड हवेत उभं असतं. आणि पायाखाली मात्र जमीन दिवसाची ऊब धरून बसलेली असते. आपलं काम एवढंच, की जमिनीची ऊब रोपापर्यंत पोहोचू द्यायची आणि वर जाताना अडवायची. त्यासाठी पैसा लागत नाही. घरात आहे त्यातच भागतं.

पहिलं, रात्र ओळखा. रोज रात्री झाकाझाक करायला कुणाला वेळ आहे? सगळा हिवाळा मिळून खऱ्या धोक्याच्या रात्री मोजक्याच असतात. उत्तरेकडून गार वारं सुटतं तेव्हा आपण कुडकुडतो, पण वाऱ्यानं वरची आणि खालची हवा घुसळली जाते. वारा पडतो त्या रात्री जास्त जपायचं. संध्याकाळी आभाळ स्वच्छ आहे, पान हलत नाही, चुलीचा किंवा बंबाचा धूर वर न जाता अंगणातच लोळतो आहे, अशी लक्षणं दिसली की ती झाकायची रात्र. धूर खाली राहतो कारण वरची हवा ऊबदार आणि खालची गार झालेली असते. हवामान खात्याचा अंदाज आता मोबाइलवर मिळतो. त्यात पारा १० अंशांखाली जाईल असं असलं तर जास्त जपा. ढग असले तर खुशाल झोपा.

दुसरं, छप्पर करा. तुळशीच्या लग्नाला चार उसांचा मांडव घालतो, तो नमुना डोळ्यांपुढे ठेवा. वाफ्याच्या चार कोपऱ्यांना तुराट्या किंवा बांबूच्या काठ्या रोवा, वर आडव्या बांधा आणि रात्री त्यावर जुनं लुगडं, धोतर, गोणपाट किंवा पाचटाचा तट्ट्या टाका. कापड पानांना टेकू नये, पण कडेनं जमिनीपर्यंत खाली यावं, म्हणजे जमिनीतून निघालेली ऊब आत कोंडून राहते. एकट्यादुकट्या रोपावर डालगं किंवा पाटी उपडी घातली तरी चालतं. बुंध्याशी करकचून बांधलेल्या गोणपाटाचा फारसा उपयोग नाही, कारण जमिनीची ऊब त्याच्या आत शिरतच नाही आणि वरची पानं उघडीच राहतात. पपईला बांधायचंच असेल तर तीन काठ्यांची टोपी करून शेंड्यावर गोणपाट टाका. पातळ प्लास्टिकचा कागद कापडाची बरोबरी करत नाही. त्यातून ऊब बरीचशी निसटते आणि पानाला चिकटला तर तिथं पान करपतं. नाइलाजानं वापरलाच तर वर एक गोणपाट टाका.

सकाळी वाफ्यावर ऊन आलं की झाकण काढायलाच हवं. ते दिवसभर राहिलं तर जमीन तापणार नाही, मग रात्री ती देणार काय? शिवाय रोपं पिवळी आणि लांबट होतात. हे काम पोरांकडे द्या. संध्याकाळी घालणं आणि शाळेला जाताना काढणं, एवढं ती आवडीनं करतील.

तिसरं, जमिनीची ऊब वाढवा. भुसभुशीत कोरड्या मातीत हवा असते, ती ऊब साठवत नाही. ओली, बसलेली जमीन दिवसा जास्त ऊब घेते आणि रात्रभर हळूहळू देते. म्हणून खुरपणी-चाळणी कडाक्याच्या आधीच उरकून घ्या. थंडीची लाट येणार असं कळलं की दुपारच्या आत वाफ्याला हलकं पाणी द्या, पानं संध्याकाळपर्यंत कोरडी होतील असं. विहिरीचं पाणी थंडीत हाताला कोमट लागतं, कारण खोलवरची जमीन वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाची असते. ते मिळालं तर उत्तम. पण चिखल करू नका. थंडीत मुळं पाणी कमी ओढतात. एरवी वाफ्याला दोन-तीन दिवसांआड पाणी पुरतं. बोट पेरभर मातीत घालून ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. थंडीत झाडं गारठ्यापेक्षा पाण्यानं कुजून जास्त मरतात.

आच्छादनाचं मात्र तारतम्य ठेवा. पाचटाच्या आच्छादनानं ओल टिकते, मुळं ऊबदार राहतात, हे खरंच आहे. पण तेच आच्छादन जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, आणि त्याच्यावरची हवा उघड्या जमिनीवरच्या हवेपेक्षा गार पडते. मोठ्या झाडांना त्याचं काही नाही, त्यांच्या बुडाशी पाचट राहू द्या. वीतभराच्या रोपांभोवतीचं पाचट मात्र कडाक्याच्या आठ-पंधरा दिवसांत हातभर मागे सरकवा. लाट ओसरली की परत ओढून घ्या.

चौथं, जागा पाहा. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला लागते आणि खोलगट जागी साचते. परसाच्या खालच्या बाजूला कडब्याची घट्ट भिंत उभी केलीत तर थंड हवेचं तळंच बांधलंत असं समजा. खालचा अंग थोडा मोकळा ठेवा. वारं अडवायचं असेल तर आडोसा वरच्या बाजूला करा. एकाच पुणे शहरात पाषाण-शिवाजीनगरचा पारा पहाटे लोहगाव-मगरपट्ट्याहून कित्येकदा दोन-तीन अंशांनी खाली असतो. जागेजागेचा फरक एवढा मोठा असतो, तसा तो तुमच्या परसातही असतो. दहिवर जिथं जास्त दिसतं तिथं नाजूक रोप लावू नका.

थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरअखेर पुण्यात भर दुपारी दहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. त्या पट्ट्यात कुंड्या ठेवल्या तर त्या दिवसभर गारठतात. घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीशी ठेवल्या तर दिवसा ऊन मिळतं आणि तापलेली दगडमातीची भिंत रात्री ऊब देते, शिवाय वर वळचणीचं छप्पर असतं. २०२१ साली सूस, नांदेड, खडकवासला, मांजरी बुद्रुक अशी २३ गावं पुणे महापालिकेत आली. तिथल्या कितीतरी घरांचं परसदार आता गच्चीवर चढलं आहे. गच्ची म्हणजे आभाळाला उघडी जागा आणि कुंडीतली माती ती केवढी! तिच्यात ऊब फार साठत नाही. अशा घरांनी रात्री कुंड्या एकमेकींना चिकटवून जिन्याच्या छपराखाली किंवा छज्जाखाली सरकवाव्यात. टाकीचं गार पाणी सकाळी न घालता ऊन वर आल्यावर घालावं.

आता कोणाला आधी जपायचं ते सांगतो, म्हणजे गोणपाट पुरतील. पहिला मान टोमॅटो, मिरची, वांग्याच्या कोवळ्या रोपांचा, यंदा लावलेल्या पपई, केळी आणि आंब्याच्या कलमांचा, काकडी-दुधीच्या वेलांचा, नागवेलीचा, अळवाचा आणि तुळशीचा. तुळस वृंदावनात अगदी आभाळाखाली असते. लग्नाचा उसांचा मांडव संक्रांतीपर्यंत तसाच ठेवा आणि रात्री त्यावर एक कापड टाकत जा. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर तिचा जोर पानांत राहतो. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद आणि मोगऱ्याची मोठी झाडं आपली आपण निभावतात. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी, कांदा, लसूण यांना थंडी मानवते. त्यांच्यावर पांघरूण घालून स्वतःला शिणवू नका.

काही गोष्टी टाळाव्यात. थंडीच्या तोंडावर नाजूक झाडांची छाटणी नको आणि युरिया नको. त्यानं कोवळी लुसलुशीत पालवी फुटते आणि तीच आधी करपते. खत घालायचंच तर कुजलेलं शेणखत बेतानं घाला. रात्री पालापाचोळा पेटवून धूर करण्याची चाल आहे. मोठ्या बागांत जागोजाग शेकोट्या पेटवल्या तर त्यांच्या आगीच्या ऊबेनं आणि हवा हलल्यानं थोडा फायदा होतो. नुसता धूर जमिनीची ऊब अडवत नाही. परसातल्या एका ढिगानं रोपं वाचत नाहीत, उलट घरातल्या लेकराबाळांच्या आणि दमेकरी माणसांच्या छातीत धूर जातो, आणि कडब्याच्या गंजीला ठिणगीची भीती राहते. तो पालापाचोळा कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.

एवढं करूनही एखाद्या पहाटे झाड मारलं गेलंच, तर लगेच उपटू नका आणि छाटूही नका. करपलेली पानं वाईट दिसतात, पण खालच्या डोळ्यांवर तेवढंच पांघरूण असतं. पाणी कमी करा आणि थांबा. महाशिवरात्रीच्या सुमारास ऊन चढलं की खोडावर नखानं हलकं खरवडून पाहा. आत हिरवं असलं तर जीव आहे. वाळलेलं तेवढं तेव्हा कापा आणि ओंजळभर शेणखत द्या. कितीतरी पपया आणि कढीपत्ते असे पुन्हा फुटतात आणि कितीतरी केवळ घाईनं उपटून टाकले जातात.

मंडळी, या आठवड्यात एक काम करा. संध्याकाळी अंगणात चार विटांवर एक पाटी उपडी घाला आणि पहाटे तिच्याखालचं गवत आणि बाजूचं गवत हातानं चाचपून पाहा. घरातल्या सगळ्यांना दाखवा. एकदा ती कोरडी जागा हाताला लागली की गोणपाट कुठं आणि कसं घालायचं हे पुन्हा कुणाला सांगावं लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात घेवडा आणि पावट्याचं घरचं बी कसं राखायचं ते पाहू. तोवर चांगल्या भरलेल्या चार शेंगा वेलावरच वाळू द्या, खुडू नका.